पेन्सिलीतली वेल ते कुंडीतला वाटाणा: सिनेमाआधीचे दादासाहेब फाळके

साल १९१२. मुंबईत दादरला राहणाऱ्या एका माणसाने कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर लंडनहून आणलेला कॅमेरा उभा केला. त्यानंतर महिनाभराहून जास्त काळ तो त्या कुंडीचे फोटो काढत राहिला.

या माणसाचं वय तेव्हा ४२. डोक्यावर कर्ज होतं, विमा पॉलिसी गहाण पडली होती. थोड्याच दिवसांपूर्वी डोळे जवळजवळ गेले होते, ते कसेबसे परत आले होते. अशा वेळी तो वाटाणा उगवायची वाट बघत बसला होता.

त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचं नाव निघालं की आपल्याला 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. पण त्याच्या आधी त्यांनी एक मिनिटभराची फिल्म केली होती. तिचं नाव 'अंकुराची वाढ'. त्यात ना राजा होता, ना राणी, ना देव. एक बी, तिला फुटलेला कोंब आणि त्याची झालेली वेल, एवढीच तिची गोष्ट.

ही फिल्म त्यांना का सुचली असेल? त्यासाठी सिनेमाच्या आधीची त्यांची २५ वर्षं बघावी लागतात. ही सगळी वर्षं पेन्सिल, शाई, काचेच्या प्लेट आणि छपाईचे दगड यांच्यात गेली होती.

काठावरची वेल कशी तयार होते?

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. येवल्याच्या पैठणीचा काठ तुम्ही पाहिला असेल. त्यावरची फुलापानांची वेल, जिला असावली म्हणतात, तीही पाहिली असेल. लग्नपत्रिकेच्या कडेने, जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर, देवाच्या तसबिरीभोवती अशीच वेलबुट्टी असते. आपली नजर मधल्या चित्राकडे जाते आणि कडेची वेल बघायची राहून जाते.

पण ती वेल काढणाऱ्याचं काम सोपं नसतं. तो आधी खरी वेल बघतो. पान देठाला कुठे चिकटतं, कळी कुठून निघते, वेल कुठल्या बाजूला वळते, हे सगळं. मग पेन्सिलीने एक नागमोडी रेघ ओढतो. रेघेच्या एका वळणात एक पान, पुढच्या वळणात दुसऱ्या बाजूला दुसरं पान. हा एक तुकडा जमला की तोच ट्रेसिंगच्या कागदावर उतरवून पुढे पुढे ठेवत जायचा. सगळ्यात अवघड असतो कोपरा. तिथे वेल काटकोनात वळली पाहिजे, पण मोडल्यासारखी दिसता कामा नये.

हे सगळं आधी पेन्सिलीने करायचं कारण पेन्सिल खोडता येते. एकदा शाई लागली, ब्लॉक तयार झाला किंवा धागा विणला गेला की चूक महागात पडते. म्हणून हे कच्चं चित्र कुणी भिंतीवर लावत नसलं तरी खरा निर्णय त्याच कागदावर होतो. पुढचं काम करायचं की नाही, हे मालक किंवा गिऱ्हाईक ते चित्र बघूनच ठरवतं.

फाळके याच जगातून आले होते.

त्र्यंबकचा मुलगा, मुंबईचं कला विद्यालय

३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला फाळकेंचा जन्म झाला. वडील गोविंद सदाशिव फाळके हे संस्कृतचे जाणकार. लोक त्यांना दाजीशास्त्री म्हणत. आईचं नाव द्वारकाबाई. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचं गाव, काळ्या दगडातलं पेशवेकालीन देऊळ, घरात पूजाअर्चा आणि पुराणं, असं हे बालपण होतं. मुलानेही शास्त्री व्हावं अशीच घरची अपेक्षा असणार. पण धुंडिराजला ओढ होती ती चित्रकलेची.

वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजमध्ये संस्कृत शिकवण्याचं काम मिळालं आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी धुंडिराज सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला दाखल झाला.

त्या काळात मुंबईत काय चाललं होतं तेही बघा. आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो, त्या व्हिक्टोरिया टर्मिनसचं बांधकाम १८७८ पासून सुरू होतं. त्या इमारतीच्या दगडावर कोरलेली पानं, फुलं, पक्षी आणि प्राणी यांच्या कामात जे. जे. च्या विद्यार्थ्यांचा हात होता. याच संस्थेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून अजिंठ्याला जाऊन तिथल्या चित्रांच्या नकला करत होते. लेण्यांच्या छतावरची कमळं आणि वेलपत्ती त्यांनी कागदावर उतरवली होती. म्हणजे फाळके जे. जे. मध्ये आले तेव्हा तिथे झाडपाल्याच्या नक्षीला चांगलीच किंमत होती.

वर्षभराने फाळके मोठ्या भावासोबत बडोद्याला गेले. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये तिथे कलाभवन सुरू केलं. आजच्या भाषेत सांगायचं तर कला आणि तंत्रज्ञान एकाच छताखाली शिकवणारी संस्था. फाळके तिथे तैलरंग आणि जलरंग शिकले, वास्तुकला आणि मातीकाम शिकले. त्यांना फोटोग्राफीची गोडी लागली. काचेच्या प्लेटवर फोटो काढणं, तो अंधाऱ्या खोलीत धुणं, त्यावरून छपाईचा ब्लॉक बनवणं, तीन रंगांची छपाई, हे सगळं ते एकामागून एक शिकत गेले. कलाभवनचे प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांच्यातला गुण ओळखला होता.

धंदे अनेक, यश कमी

एवढं शिकलेल्या माणसाचं बरं चाललं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तसं झालं नाही.

फाळकेंनी गुजरातमधल्या गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगची साथ आली. त्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. ते बडोद्याला परतले आणि पुन्हा फोटोग्राफी सुरू केली, तर लोकांच्या मनात वेगळीच भीती. फोटो काढला की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, असा समज तेव्हा पसरलेला होता. गिऱ्हाईक येईना.

मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून झाले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकून झाली. पुढे ते स्वतः जादूचे प्रयोग करू लागले. या प्रयोगांसाठी त्यांनी नाव घेतलं होतं 'प्रोफेसर केळफा'. फाळके या नावातली अक्षरं उलटी केली की केळफा होतं.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. मुलगी किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातली, माहेरचं नाव गिरिजा करंदीकर. लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. हे नाव लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत त्यांचं काम फार मोठं आहे.

ड्राफ्ट्समन फाळके

१९०३ मध्ये फाळकेंना सरकारी नोकरी लागली. भारतीय पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन.

ड्राफ्ट्समन म्हणजे नेमकं काय? जुन्या वास्तूची मोजमापं घेऊन तिची अचूक चित्रं काढणारा माणूस. खांब किती उंच, कमान किती रुंद, चौकटीवर कोरलेल्या पट्टीत किती पानं आहेत, हे सगळं आधी पेन्सिलीने मोजून काढायचं, मग शाईने पक्कं करायचं. इथे आपल्या मनाने एक पानही वाढवता येत नाही. फोटोत सावलीमुळे जे हरवतं ते चित्रात स्पष्ट दाखवता येतं आणि चित्रात हाताने जे चुकेल ते फोटोवरून तपासता येतं. म्हणून खात्याला दोन्ही लागायचं आणि फाळकेंना दोन्ही येत होतं.

पगार ठरलेला आणि नोकरी सुरक्षित होती. पण वंगभंगाच्या चळवळीचा काळ आला, स्वदेशीचं वारं सुटलं आणि फाळकेंनी ती नोकरी सोडली.

दगडावर उलटी वेल

नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला स्वतःचा कारखाना काढला, फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स. जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांनी सुरू केलेला प्रसिद्ध छापखाना होता. लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण यांच्या ज्या रंगीत तसबिरी घराघरांत पोचल्या, त्या याच छापखान्यातल्या. फाळकेंचा कारखाना या छापखान्यासाठी फोटोवरून दगडावर चित्र उतरवण्याचं काम करायचा.

दगडावरची छपाई, म्हणजे शिळाछपाई, कशी चालायची हे समजून घेतलं तर फाळकेंचा पुढचा प्रवास सोपा वाटतो.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, यावर हे सगळं तंत्र उभं आहे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं. दगड ओला करायचा. मग छपाईची शाई फिरवली की ती फक्त तेलकट रेघांना चिकटते, ओल्या जागेला नाही. कागद दाबला की चित्र उमटतं. पण कागदावर चित्र उलटं येतं, म्हणून दगडावर ते आधीच उलटं काढावं लागतं. उजवीकडे वळणारी वेल दगडावर डावीकडे वळलेली हवी.

शिवाय प्रत्येक रंगाला वेगळा दगड. पिवळ्याचा एक, तांबड्याचा एक, निळ्याचा एक. तसबीर भारी असेल तर दगडांची संख्या आणखी वाढायची. प्रत्येक दगडावर तेच चित्र, पण त्या रंगापुरतं. हे सगळे दगड कागदावर एकाच जागी बसले पाहिजेत. केसभर सरकले तरी पानाचा हिरवा रंग रेघेबाहेर येणार.

थोडक्यात, एकच चित्र पुन्हा पुन्हा, दर वेळी किंचित वेगळं आणि तरीही जागा न हलता काढायचं. हे वाक्य लक्षात असू द्या. कुंडीतल्या वाटाण्यापाशी पुन्हा त्याची गरज पडणार आहे.

पुढे कारखाना दादरला आला, भागीदार बदलले, नाव झालं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. कामाचं नाव झालं. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके बाहेर पडले. हातात काहीही न घेता. वय चाळिशी ओलांडलेलं, घरात मुलंबाळं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गिरगावातला तंबू आणि गेलेली नजर

याच काळात, १९११ च्या सुमारास, फाळकेंनी गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू हलताना बघून त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले. ज्या देवांच्या तसबिरी त्यांच्या कारखान्याने छापायला मदत केली, तेच देव पडद्यावर हलू शकतात. ते सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट दाखवायला घेऊन गेले.

त्यानंतरचे महिने त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. छोटा कॅमेरा, फिल्मची रिळं, भिंग असं साहित्य जमवायचं, रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रं पाडून बघायची, दिवसा चार-पाच तास सिनेमे बघायचे. झोप नाही, विश्रांती नाही. शेवटी डोळ्यांवर ताण येऊन दिसेनासं झालं. ज्याचं सगळं आयुष्य नजरेवर चाललं होतं, त्याचीच नजर गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार वेगवेगळ्या चष्म्यांनी ती हळूहळू परत आली.

बरं वाटल्यावर त्यांनी काय केलं? स्वतःची १२ हजारांची विमा पॉलिसी १० हजारांना गहाण ठेवली आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची वाट धरली.

लंडनमध्ये त्यांची कुणाशी ओळख नव्हती. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली, तसे ते सरळ आत गेले आणि संपादकांना भेटले. संपादकांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या इंग्रज निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळकेंनी सिनेमाचं काम जवळून पाहिलं. ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्च्या फिल्मची आणि फिल्मला भोकं पाडायच्या यंत्राची मागणी नोंदवली आणि १ एप्रिलला ते परत आले. मे महिन्यात यंत्रं पोचली. सोबत आलेला आराखडा बघून त्यांनी चार दिवसांत ती जोडली. आराखडा वाचणं हे तर त्यांचं जुनंच काम.

पैसे कोण देणार?

आता यंत्र होतं, पण चित्रपटासाठी पैसे नव्हते.

अडचण समजून घ्या. पैसेवाल्याला फाळके काय दाखवणार होते? हिंदुस्थानात कुणी पूर्ण लांबीचा कथापट केलेला नव्हता. १९१२ मध्येच दादासाहेब तोरणेंचा 'पुंडलिक' मुंबईत लागला होता, पण तो होता मंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण. इथल्या माणसाने, इथल्या हवेत, स्वतः फिल्म काढून, स्वतः धुऊन पडद्यावर दाखवता येते का, याची कुणाला खात्री नव्हती. आणि फाळकेंच्या मागे काय होतं? बंद पडलेला स्टुडिओ, सोडलेली नोकरी आणि मोडलेली भागीदारी.

छपाईच्या धंद्यात अशा वेळी काय करतात? कच्चं चित्र दाखवतात. पूर्ण तसबीर छापायच्या आधी पेन्सिलीतली वेल गिऱ्हाईकासमोर ठेवतात. फाळकेंनीही तेच केलं, फक्त त्यांची पेन्सिल आता कॅमेरा होती.

कुंडी, कॅमेरा आणि एक महिना

हिशोब करून बघा. तेव्हाच्या मूकपटात एका सेकंदाला साधारण १६ चौकटी, म्हणजे १६ फोटो, पडद्यावरून जात. एक मिनिटाची फिल्म म्हणजे ६० गुणिले १६, एकूण ९६० चौकटी. त्या महिनाभरात वाटून घ्यायच्या तर दिवसाला सरासरी ३०-३२ चौकटी होतात.

म्हणजे दिवसाची जेमतेम दोन सेकंदांची फिल्म. आणि या सगळ्या काळात कॅमेरा जागचा हलता कामा नये, कुंडी हलता कामा नये. पाणी घालताना धक्का लागला, घरातल्या मुलाचा हात लागला, तर पडद्यावर वेल उडी मारणार. उजेड कमीजास्त झाला तर चित्र लुकलुकणार. शिवाय फिल्म धुऊन होईपर्यंत काय जमलंय आणि काय बिघडलंय हे कळायला मार्ग नाही.

दगडावरच्या छपाईतही हेच होतं. तेच चित्र, जागा न हलता, दर वेळी किंचित वेगळं.

वाटाणा या कामासाठी बरा का, हेही बघण्यासारखं आहे. वाटाणा लवकर उगवतो, काही दिवसांतच कोंब वर येतो. त्याच्या पानांच्या टोकांना बारीक धाग्यांसारखे तणावे फुटतात. हे तणावे हवेत फिरत फिरत आधार शोधतात आणि सापडला की त्याला वेटोळं घालतात. ही हालचाल इतकी मंद असते की आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही. महिना मिनिटात बसवला की तीच वेल जिवंत प्राण्यासारखी वळवळताना दिसते. नक्षीकार कागदावर जी नागमोडी वेल काढतो, ती इथे आपोआप वाढत जाते.

ही कल्पना जगात अगदीच नवी होती असं नाही. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाडांच्या हालचालींच्या अशा फिल्म केल्या होत्या. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांची 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' ही उमलणाऱ्या फुलांची फिल्म १९१० मध्ये आली होती. पण तिथे प्रयोगशाळा होत्या, कंपन्या होत्या. दादरमध्ये होता एक माणूस, त्याचं कुटुंब आणि एक कुंडी.

तयार झालेली फिल्म फाळकेंनी काही निवडक लोकांना दाखवली. एका मिनिटात बीमधून कोंब आणि कोंबाची वेल झालेली त्यांनी पाहिली. त्यात यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे होते. फाळकेंना कर्ज द्यायला ते तयार झाले.

कच्चं चित्र पसंत पडलं होतं.

मग आला 'राजा हरिश्चंद्र'

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. कर्ज पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने दिले. दादरला मुख्य रस्त्यावर चित्रीकरणाची जागा उभी राहिली. पडदे रंगवायला, देखावे उभारायला चित्रकार शोधावा लागला नाही, कारण फाळके स्वतःच चित्रकार होते. तारामतीचं काम करायला कुणी बाई तयार होईना, तेव्हा एका खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि रोहिदास झाला फाळकेंचा मुलगा भालचंद्र.

आणि सरस्वतीबाई? सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे. शिवाय कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, फिल्म धुणं, चित्रीकरणात उन्हाचा उजेड वळवायला पांढरी चादर धरून उभं राहणं, हेही त्याच करायच्या. आज सिनेमाच्या शेवटी ज्यांची नावं धावतात, त्यांच्यापैकी कितीतरी जणांचं काम ती एक बाई करत होती. पडद्यावर मात्र तिचं नाव नव्हतं.

सहा महिने आणि २७ दिवसांत सुमारे ३,७०० फुटांचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये तो निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला.

रविवर्म्याच्या तसबिरींची सवय असलेल्या प्रेक्षकांना पडद्यावरची ही माणसं ओळखीची वाटली असणार. तेच दागिने, तशीच बसण्याची ढब, तसेच रंगवलेले महाल. छापखान्यातली वर्षं वाया गेली नव्हती.

पुन्हा नाशिक

पहिल्या यशानंतर फाळकेंनी मुंबई सोडली आणि ते नाशिकला आले. गोदावरीचा घाट, देवळं, डोंगर, जुने वाडे, पौराणिक कथांना लागणारी सगळी पार्श्वभूमी इथे आयती होती. त्र्यंबकचा मुलगा ४३ व्या वर्षी पुन्हा आपल्या भागात परतला होता.

नाशिकमध्ये 'मोहिनी भस्मासुर' झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी काम केलं आणि भारतीय चित्रपटात बायका पडद्यावर आल्या. कमलाबाई म्हणजे अभिनेते विक्रम गोखले यांच्या आजी. मग 'सत्यवान सावित्री', १९१७ मध्ये 'लंकादहन'. यात राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंकेंनीच केल्या. चित्रपट तुफान चालला.

१९१८ मध्ये भागीदार घेऊन नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन' यांत छोटा कृष्ण झाली फाळकेंची मुलगी मंदाकिनी. याच काळात त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी छोटी फिल्मही केली. आजच्या भाषेत 'मेकिंग'चा व्हिडिओ.

पण भागीदारांशी त्यांचं इथेही पटलं नाही. छापखान्यात झालं तेच पुन्हा झालं. फाळके सगळं सोडून कुटुंबासह काशीला गेले. तिथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. १९२२ च्या सुमारास परत आले, पुन्हा चित्रपट केले. पण काळ झपाट्याने बदलत होता. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि पडदा बोलायला लागला. एक एक चौकट हाताने घडवणारा माणूस मागे पडत गेला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपटही.

शेवटची वर्षं त्यांनी नाशिकमध्येच काढली. ज्या धंद्याची सुरुवात त्यांनी करून दिली तो मुंबई, पुणे, कोल्हापुरात वाढत होता आणि ते स्वतः त्याच्या बाहेर होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं.

त्या एका मिनिटाचं काय झालं?

१९६९ पासून त्यांच्या नावाने देशातला चित्रपटांचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. पहिला पुरस्कार अभिनेत्री देविका राणी यांना मिळाला. १९७१ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. नाशिकमध्ये पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथे जाणारे 'राजा हरिश्चंद्र'बद्दल वाचतात, फोटो काढतात आणि वर लेणी बघायला जातात.

'अंकुराची वाढ' मात्र आज आपल्याला बघायला मिळत नाही. कच्च्या चित्रांचं बहुतेक वेळा असंच होतं. काम पक्कं झालं की पेन्सिलीचा कागद कुणी जपून ठेवत नाही. तसबीर उरते, ती ज्या कागदावर ठरली तो जातो.

पण आज मोबाइलवर टाइमलॅप्सचं बटण दाबून कुणी उमलणारं जास्वंद किंवा कुंडीतली मेथी शूट करतं आणि महिनाभराची वाढ काही सेकंदांच्या रीलमध्ये बसवतं, तेव्हा नेमकं तेच करत असतं जे १९१२ मध्ये दादरला झालं होतं. फरक एवढाच की फोन चौकटी स्वतः मोजतो. फाळकेंना त्या स्वतः मोजाव्या लागल्या, गहाण पडलेल्या विम्यावर आणि नुकत्याच परत आलेल्या नजरेवर.

पुढच्या वेळी पैठणीच्या काठावरची किंवा जुन्या तसबिरीच्या कडेची वेल दिसली, तर तिच्याकडे एकदा नीट बघा. अशाच रेघा ओढत आणि छापत घडलेल्या हाताने आपल्या सिनेमाची सुरुवात एका वाटाण्यापासून केली होती.